आधी खांब, मग घर

भंडारा शहरातून खात रोडने निघा किंवा बेला, गणेशपूरच्या बाजूला जा. धानाच्या बांध्या संपतात तिथे लेआउट सुरू होतात. मुरूम टाकलेले रस्ते, प्लॉटच्या कोपऱ्यांवर रोवलेले दगड, वर रंगीत फलक. प्लॉट पाहायला आलेला माणूस दिशा बघतो, पाणी किती फुटांवर लागते ते विचारतो, सातबारा आणि एन.ए.चा आदेश मागतो. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कुठे आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतो. स्लॅब पडतो, प्लास्टर होते, वास्तुशांतीची तारीख निघते, आणि मग हा प्रश्न आठवतो. तोवर तो महाग झालेला असतो.

जिल्ह्याचा वीजपुरवठा महावितरणच्या गोंदिया परिमंडळातील भंडारा मंडळाकडे आहे. जून २००५ मध्ये जुन्या वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी झाली, तरी खेड्यापाड्यांत लोक अजून ‘बोर्डाचा माणूस’ असेच म्हणतात. नव्या जोडणीचा अर्ज आता ऑनलाइन भरता येतो. त्यासोबत मालकीचा किंवा ताब्याचा पुरावा लागतो, खेड्यात बहुधा नमुना आठचा उतारा. घरातले वायरिंग तपासून लायसन्सधारक कंत्राटदाराने दिलेला टेस्ट रिपोर्टही लागतो. जागेची पाहणी झाली की डिमांड निघते. लोकांच्या तोंडी तिचे नाव कोटेशन. त्यात जोडणीचा आकार आणि सुरक्षा ठेव असते. ते भरले की मीटरची वाट पाहायची.

प्रत्यक्ष जोडणीला फार वेळ लागत नाही. त्या भागाची लाइन बंद करून परमिट घेतले जाते, दोन्ही बाजू टेस्टरने तपासल्या जातात आणि मगच वायरमन खांबावर चढतो. खांबापासून घरापर्यंत जी.आय. तार ताणून तिच्या आधाराने सर्व्हिस वायर आणतात. घराच्या पाइपाचे तोंड खाली वाकवलेले असते आणि वायर त्यात शिरण्याआधी थोडी लोंबती ठेवतात. तारेवरून ओघळलेले पावसाचे पाणी तिथेच गळून जाते, पेटीत शिरत नाही. मीटर बसतो, सील लागते, सुरुवातीचे रीडिंग कागदावर येते. आत पंखा लावला की मीटरचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. घराजवळ खांब असेल तर एवढेच काम.

शेजारच्या तिरोड्यात ३,३०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तिरोडा भंडाऱ्यातच होते. वीज जवळच तयार होते. नव्या घराचे अडते ते शेवटच्या चार-सहा खांबांवर आणि एका डीपीवर.

वीज कायदा, २००३ मध्ये या अडचणीची दोन टोके तीन कलमांच्या अंतराने आहेत. कलम ४३ म्हणते, मालकाने किंवा रहिवाशाने मागणी केली की पुरवठा देणे कंपनीचे कर्तव्य आहे. कसूर झाली तर दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्राच्या २०२४ च्या सुधारित नियमांनी जोडणीची मुदत महानगरांबाहेरच्या नागरी भागात सात दिवस आणि ग्रामीण भागात साधारणतः पंधरा दिवसांवर आणली. पण लाइन वाढवायची किंवा नवे उपकेंद्र उभारायचे असेल, तर कलम ४३ मधली मुदत ते काम झाल्यावर मोजली जाते. आणि पुरवठ्यासाठी लाइन किंवा यंत्रणा टाकावी लागली, तर राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार तिचा वाजवी खर्च मागणाऱ्याकडून घेण्याची मुभा कलम ४६ देते. हक्क ४३ चा, बिल ४६ चे.

लेआउटमध्ये हे बिल कुणाचे, यावरच सगळे भांडण असते. रीतसर काम असे: विकसकाने सगळ्या प्लॉटांचा लोड एकत्र धरून अर्ज करायचा, डीपीसाठी जागा राखायची, मंजूर अंदाजपत्रकाप्रमाणे लाइन उभी करून घ्यायची. लायसन्सधारक कंत्राटदाराकडून स्वखर्चाने काम करून घेतले, तर महावितरण १.३ टक्के देखरेख शुल्क घेते. विद्युत निरीक्षकांची परवानगी मिळाल्यावर डीपी चार्ज होतो. अर्धवट लेआउटमध्ये विकसक पैसे मोकळे करून निघून जातो आणि पहिले घर बांधणाऱ्याच्या गळ्यात सगळ्यांचे खांब पडतात. मग शेजाऱ्याच्या मीटरवरून दोनशे फूट केबल ओढली जाते. ती बेकायदेशीर असते, आणि पावसाळ्यात जिवावर बेतते.

पावसाळ्याचा हिशेब वेगळाच. आठ मीटरच्या सिमेंटच्या खांबाचा साधारण सहावा हिस्सा जमिनीत जातो. बांधीच्या ओल्या मातीत तो नीट ठोकला नाही, तर दुसऱ्या वर्षी कलतो. रोवणीच्या दिवसांत खांब घेऊन येणारी गाडी आतच शिरत नाही. त्यामुळे जूनमध्ये मागितलेली लाइन अनेकदा धान कापणीनंतरच उभी राहते.

याच जिल्ह्यात उलटा क्रमही आहे. पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाले. बुडणाऱ्या गावांसाठी नवी गावठाणे आखली गेली, आणि पुनर्वसनाच्या नागरी सुविधांत रस्ते, पाणी यांच्यासोबत वीजही होती. म्हणजे माणूस यायच्या आधी खांब उभा असावा, हे कागदावर तरी मान्य झाले. त्या सुविधांच्या दर्जावरून प्रकल्पग्रस्तांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. तरीही सुविधा मागायच्या कुणाकडे, हे त्यांना ठाऊक होते. खासगी लेआउटमधल्या प्लॉटधारकाला तेही ठाऊक नसते.

म्हणून इसार देण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. डीपी लेआउटच्या नकाशात आहे की जमिनीवर? लाइनचे काम महावितरणकडे हस्तांतरित झाले आहे का? लेआउट पाचशे चौरस मीटरहून मोठा असेल, तर महारेराच्या संकेतस्थळावर त्याच्या विद्युत कामाबद्दल काय लिहिले आहे? आणि प्लॉटवरून ११ केव्हीची तार जात असेल, तर घरापासून आडवे १.२ मीटर आणि छतापासून उभे ३.७ मीटर अंतर सुटते का? तार हलवायचा खर्च सहसा हलवा म्हणणाऱ्याच्याच माथी येतो. ही चौकशी करायला महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात एक चक्कर पुरते. खरेदीखतानंतर त्याच कामासाठी किती चकरा होतील, हे त्या कार्यालयातलाही कुणी सांगू शकत नाही.