राजाचे शिकारी आणि एक हरीण

सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखानुसार राजाच्या पाकशाळेत पूर्वी रोज लक्षावधी प्राणी मारले जात. लेख कोरला तेव्हा दोन मोर व एक हरीण, तेही हरीण नित्य नव्हे. पुढे हे तिन्हीही मारले जाणार नव्हते. नित्य नसलेल्या त्या हरणात आम्हांस राजाच्या मनाची ओढाताण दिसते. आठव्या लेखात (त्याचा तुकडा १८८२ साली सोपाऱ्यास मिळाला) मृगयेच्या विहारयात्रांची जागा धम्मयात्रा घेते.

परंतु हरणावर बाण सोडणाऱ्याचे काय? १९५८ मध्ये प्रकाशात आलेल्या कंदाहारच्या लेखाचा ग्रीक भाग सांगतो की, राजाच्या शिकाऱ्यांनी व कोळ्यांनीही शिकार थांबविली. करुणेने की आज्ञेने? बौद्ध विचारात चेतना हेच कर्म; म्हणून हा भेद गौण नव्हे. लेख मात्र त्याविषयी मूक आहे, आणि त्या शिकाऱ्यांच्या चुलींविषयीही.