गाठ, अर्बुद आणि कर्करोग

हाताला लागणाऱ्या कोणत्याही फुगवट्याला मराठीत गाठ म्हणतात. पू साचून गाठ होते, लसिकाग्रंथी सुजून होते, त्वचेखाली द्रवाची पिशवी तयार होऊनही होते. यांत पेशींची अनिर्बंध वाढ नसते. पेशी शरीराचे नियंत्रण झुगारून वाढू लागतात आणि वाढीला निमित्त झालेले कारण दूर झाले तरी थांबत नाहीत, तेव्हा जी गाठ बनते ती अर्बुद, म्हणजेच ट्यूमर. प्रत्येक ट्यूमर कर्करोग नसतो. उलट ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, रोगट पेशी अस्थिमज्जेत आणि रक्तात पसरलेल्या असतात आणि बहुधा गाठ नसतेच.

पेशींची प्रत्येक जादा वाढ रोगटही नसते. व्यायामाने दंड भरतो तेव्हा स्नायूच्या पेशी मोठ्या होतात, ही हायपरट्रॉफी. उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते ती मुख्यतः पेशींची संख्या वाढल्याने, तो हायपरप्लेझिया. मेटाप्लेझियात एका प्रकारच्या पेशींची जागा दुसऱ्या प्रकारच्या पेशी घेतात. धूम्रपान करणाऱ्याच्या श्वासनलिकेत कफ वर ढकलणाऱ्या केसाळ पेशी जाऊन तिथे चपट्या, टणक पेशी येतात. धुराला त्या अधिक टिकतात, पण कफ वर सरकवण्याचे काम मात्र बंद पडते. सवय सुटली तर हा बदल बराचसा मागे फिरू शकतो.

डिस्प्लेझियापासून प्रकरण गंभीर होते, आणि ते समजून घ्यायला तोंडाच्या आतले अस्तर हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण आहे. तंबाखू-चुन्याची चिमूट जिथे रोज धरली जाते, तिथे पुसून न निघणारा पांढरा चट्टा उठतो. तसे दुसरे कारण सापडले नाही तर डॉक्टर त्याला ल्युकोप्लेकिया म्हणतात. हे नाव डोळ्यांना दिसणाऱ्या चट्ट्याचे आहे. आतल्या पेशींचे काय झाले हे त्यातून कळत नाही. बहुतेक चट्ट्यांचा कर्करोग होत नाही, पण कोणत्या चट्ट्याचा होईल हे नुसते पाहून सांगता येत नाही. म्हणून तुकडा काढून तपासायला पाठवतात. हीच बायॉप्सी.

सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी अस्तरात पेशींचे थर शिस्तीत दिसतात. नव्या पेशी तळाशी जन्मतात आणि वर सरकता सरकता चपट्या होतात. डिस्प्लेझियात ही शिस्त मोडते. केंद्रके मोठी, गडद, वेडीवाकडी होतात आणि विभाजन वरच्या थरांतही दिसू लागते. बिघाड ढोबळमानाने तळाच्या एक तृतीयांश जाडीत असेल तर तो सौम्य, दोन तृतीयांशापर्यंत मध्यम, त्याहून वर तीव्र. संपूर्ण जाडी व्यापली की नाव बदलते: कार्सिनोमा इन सिटू, म्हणजे जागच्या जागी असलेला कर्करोग.

अस्तराच्या तळाशी एक अतिशय पातळ पटल असते, त्याला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या त्याच्या खाली असतात, वर नसतात. पेशी पटलाच्या वर आहेत तोवर त्यांना दूर जायला वाट नाही आणि तेवढा भाग काढून टाकणे सहसा पुरते. पटल भेदून त्या खाली उतरल्या की तो आक्रमक कर्करोग ठरतो. अहवालात पटल शाबूत असल्याची ओळ रुग्णाच्या दृष्टीने फार मोलाची असते.

ट्यूमरची नावे बहुधा मूळ पेशींवरून पडतात. चरबीचा सौम्य ट्यूमर लायपोमा, ग्रंथीचा ॲडिनोमा. अस्तराच्या पेशींचा कर्करोग कार्सिनोमा; हाड, स्नायू, चरबी यांचा सार्कोमा. तोंडाचे बहुतेक कर्करोग स्क्वेमस सेल कार्सिनोमा असतात. मेलानोमा आणि लिम्फोमा ही नावे मात्र फसवी आहेत; ऐकायला सौम्य, पण दोन्ही कर्करोगच. ‘सौम्य’ या शब्दावरही सरसकट विसंबता येत नाही. सौम्य ट्यूमर दूरच्या अवयवांत पसरत नाही हे खरे, पण मेंदूच्या आवरणाचा मेनिन्जिओमा बहुधा सौम्य असूनही बंदिस्त कवटीत मेंदूवर दाब आणतो.

ग्रेड आणि स्टेज यांची गल्लत घरोघरी होते आणि तिने नाहक घबराट पसरते. ग्रेड म्हणजे पेशी मूळ रूपापासून किती ढळल्या आहेत. तो पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठरवतो. स्टेज म्हणजे रोग शरीरात किती पसरला आहे. ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे. स्टेजसाठी जगभर टीएनएम पद्धत वापरतात. फ्रेंच शल्यविशारद पिएर दनुआ यांनी ती 1940 च्या दशकात मांडायला सुरुवात केली. टी म्हणजे मूळ ट्यूमरचा विस्तार, एन म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथींचा सहभाग आणि एम म्हणजे मेटास्टॅसिस, दूरच्या अवयवात प्रसार.

मेटास्टॅसिस झाला तरी कर्करोगाचे नाव बदलत नाही. स्तनाचा कर्करोग फुप्फुसात पोहोचला तर तो फुप्फुसात पसरलेला स्तनाचा कर्करोगच राहतो, कारण तिथे वाढणाऱ्या पेशी स्तनाच्याच असतात, आणि औषधेही त्या पेशी पाहूनच निवडली जातात.