‘एसईलिनक्स बंद करून टाकतो’ असं डेव्हलपर म्हणाला तर?

सर्व्हर भाड्याने घेण्याच्या व्हिडिओत एक मुद्दा वेळेअभावी राहिला, तो इथे लिहितोय.

समजा तुम्ही मसाल्यांची ऑनलाइन विक्री सुरू केलीत. वेबसाइट स्वतःच्या सर्व्हरवर चढवली, पण पान उघडेना, ‘४०३ फॉरबिडन’ दिसतंय. डेव्हलपर म्हणतो, “सर, एसईलिनक्स आडवं येतंय, बंद करून टाकतो.” दोन मिनिटांत साइट चालू! पण त्याने नेमकं काय बंद केलं?

लिनक्समध्ये नेहमीची परवानगी मालकीवर चालते. फाइल ज्याची, तोच ठरवणार ती कोणी वाचायची. ‘रूट’ तर सर्वेसर्वा, त्याला कोण अडवणार? आता वेबसर्व्हर, मेल असे प्रोग्रॅम चोवीस तास बाहेरच्या जगाशी बोलत असतात. त्यातल्या एकात भोक सापडलं, की घुसणाऱ्याला त्या प्रोग्रॅमचे सगळे अधिकार आयते मिळतात.

एसईलिनक्स इथे दुसरं कुलूप लावतं. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने २००० साली ते सर्वांसाठी खुलं केलं. आज तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही तेच आहे. ते प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक फाइलला एक लेबल लावतं, आणि कुठल्या लेबलने कशाला हात लावायचा हे नियमांत आधीच लिहिलेलं असतं. हॉटेलात वेटरने टेबल ते भटारखाना एवढंच फिरायचं, गल्ल्याला हात लावायचा नाही. मग तो मालकाचा भाचा का असेना! तसंच वेबसर्व्हर ‘रूट’ म्हणून चालत असला तरी हे नियम त्याला लागू राहतात.

मग साइट का अडली? बहुतेक वेळा कारण अगदी किरकोळ असतं. डेव्हलपरने फाइली आधी स्वतःच्या होम फोल्डरमध्ये टाकल्या आणि तिथून ‘एमव्ही’ने हलवल्या. हलवलेल्या फाइलीबरोबर जुनं लेबलही येतं. ‘रिस्टोरकॉन’ ही एक कमांड चालवली की लेबल जागेवर येतं. त्यासाठी अख्खं कुलूप काढायचं म्हणजे चावी अडकली म्हणून दारच उखडण्यातला प्रकार आहे, असं माझं स्पष्ट मत.

पेमेंट गेटवेशी जोडणी होत नसेल, तर वेबसर्व्हरला बाहेर बोलायची मुभा मुळात बंद असते. त्यासाठी वेगळं बटण आहे. ते ‘सेटसेबूल’ने चालू करायचं, तेही कायमचं, नाहीतर सर्व्हर रीस्टार्ट झाला की पुन्हा बंद!

एक मात्र खरं. वेबसाइटला स्वतःच्या कामासाठी जी ऑर्डरची माहिती वाचावीच लागते, तिला यातून संरक्षण मिळत नाही. बॅकअप आणि अपडेट वेगळे करावेच लागतात.

सध्या काय चालू आहे ते ‘गेटएनफोर्स’ने कळतं. उत्तर ‘एनफोर्सिंग’ यायला हवं. ‘परमिसिव्ह’ आलं तर नुसती नोंद होते, अडवलं काहीच जात नाही. नवं सॉफ्टवेअर तपासताना दोन दिवस तसं ठेवलं तर चालेल. उबंटू घेतलं असेल तर तिथे ॲपआर्मर असतं. ते लेबलाऐवजी फाइलच्या पत्त्यावरून नियम लावतं. मात्र वेबसर्व्हरसाठी तसे नियम लावलेत का, हे डेव्हलपरला शेवटचा हप्ता देण्याआधी विचारा.