अर्ध्या तासाची गोळी आणि महिन्याभराची गोळी

१९५७ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, नटली इथल्या रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत आवराआवर चालली होती. त्यात एक जुनी भुकटी हाती लागली. रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांनी ती काही वर्षांपूर्वी तयार केली होती, पण तपासायची राहूनच गेली होती. टाकून देण्याऐवजी ती चाचणीला धाडली गेली. प्राणी शांत झाले, त्यांचे स्नायू सैलावले, तरी ते शुद्धीवर होते. १९६० मध्ये ही भुकटी ‘लिब्रियम’ नावाने बाजारात आली आणि १९६३ मध्ये तिच्याच कुळातली ‘व्हॅलियम’.

तोवर घबराटीवर बार्बिच्युरेट कुळातली औषधं दिली जात. त्यांचा डोस थोडा जास्त झाला तरी श्वास थांबण्याची भीती असे. त्यामानाने नव्या गोळ्या फारच सुरक्षित वाटल्या. अमेरिकेत १९७८ या एका वर्षात व्हॅलियमच्या २०० कोटींहून अधिक गोळ्या खपल्या.

आपल्याकडे आज लिहून दिली जाणारी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम ही औषधं याच बेन्झोडायझेपिन कुळातली. मेंदूत ‘गाबा’ नावाचं रसायन चेतापेशींची उत्तेजना कमी करतं आणि या गोळ्या त्याचा परिणाम वाढवतात. त्यामुळे अर्ध्या-एक तासात छातीतली धडधड कमी होते, हातापायांचं कापणं थांबतं. ज्याला आपण आता मरणार असंच वाटत होतं, त्याच्यासाठी हा आराम फार मोठा असतो.

पण रोज घेतल्यास काही आठवड्यांतच मेंदूला गोळीची सवय होऊ लागते. ती एकदम बंद केली तर झोप उडते, अंग थरथरतं, पहिल्याहून मोठी भीती उसळते, कधी फिटही येते. मग माणसाला वाटतं, ‘आजार उलटला’, आणि तो पुन्हा गोळीकडे वळतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे प्रा. हेदर ॲश्टन यांनी १९८२ पासून बारा वर्षं अशाच रुग्णांसाठी दवाखाना चालवला. डोस थोडाथोडा, गरज पडल्यास कित्येक महिने घेऊन उतरवला, तर ही सवय सुटू शकते, हे त्यांनी दाखवून दिलं.

चिंताविकारावरचा मुख्य औषधोपचार म्हणून आज दुसरंच कूळ पुढे आहे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही औषधं मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करतात. नैराश्यावर वापरली जाणारी हीच औषधं चिंतेवरही चालतात. मात्र त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत मळमळ, डोकेदुखी, कधी तर आधीपेक्षा जास्त बेचैनीही जाणवते. ‘हे औषध मला मानवत नाही’ म्हणून अनेक जण नेमकं इथेच ते सोडतात. म्हणून डॉक्टर कमी डोसपासून सुरुवात करतात, आणि गरज असेल तर पहिले काही आठवडे जोडीला बेन्झोडायझेपिन देतात. हे आठवडे निभावून नेणं उपचारात फार मोलाचं आहे. घरच्यांनी आधार द्यायचा तो याच काळात. पंचविशीच्या आतल्या रुग्णाच्या मनात आत्मघाताचे विचार येत नाहीत ना, यावरही तेव्हा लक्ष हवं. लैंगिक इच्छा कमी झाली तर ते संकोच न करता डॉक्टरांना सांगावं. औषध किंवा डोस बदलता येतो.

स्टेजवर जाण्याआधी हात कापू नयेत म्हणून काहींना प्रोप्रॅनोलॉल दिलं जातं. मुळात हे हृदयाचं औषध. ते धडधड आणि कंप आवरतं, मनातली चिंता मिटवत नाही. दम्याच्या रुग्णांना ते धोक्याचं आहे.

भारतात अल्प्राझोलाम, डायझेपाम (म्हणजेच व्हॅलियम) ही औषधं २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत. केमिस्टने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची, आणि डॉक्टर, रुग्ण व दिलेल्या गोळ्यांची नोंद वेगळ्या रजिस्टरात करून ती तीन वर्षं जपायची असते. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याच्या पाकिटातली गोळी घेणं किंवा जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं मागवत राहणं घातक आहे. दारूबरोबर ही औषधं श्वास मंदावतात; म्हाताऱ्या माणसांचा त्यांनी तोल जातो, पडून हाड मोडतं.

बरं वाटू लागल्यावरही सेरोटोनिनवरचं औषध साधारणपणे सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मगच हळूहळू कमी करतात. सोबत विचार-वर्तन उपचार मिळाला तर तो भीतीला सामोरं जायची सवय लावतो. काही रुग्णांना तेवढाही पुरतो. उपचाराआधी थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी, कारण ही ग्रंथी जास्त काम करत असली तरी अशीच धडधड होते. कुणाकडे जावं हेच कळत नसेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत, मराठीतूनही बोलता येतं.