‘पाणलोट’ आणि देहूचा घाट

ज्या भूभागाचे पाणी एकाच प्रवाहास मिळते तो ‘पाणलोट’. ‘जलविभाजक’ ही त्याची केवळ कड. इंग्रजीत दोहोंस एकच शब्द चालतो. मराठीने भेद राखला, हे बरे झाले. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा द्यावयाची असते. ते सारे तास देहूच्या घाटावर जलपर्णी उपसण्यात घालविले, तरी सांडपाण्यातील नत्र-स्फुरदावर ती पुन्हा फोफावते. इंद्रायणीचा उगम लोणावळ्याजवळचा; तेथपासूनचे ओढे-नाले ज्याने पाहिले नाहीत, त्याला आपण नदी अर्धीच शिकविली, असे मला वाटते. मृदसंधारणाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करतात. वर समतल चर खणले नाहीत, तर खालचा बंधारा गाळानेच भरतो.