न पडलेलं बास्केट मोजायचं कसं?

२ मार्च १९६२च्या रात्री पेनसिल्व्हेनियातल्या हर्षी गावात विल्ट चेंबरलेननं बास्केटबॉलच्या एकाच सामन्यात १०० गुण केले. ६३ फटके, त्यातले ३६ आत. ३२ फ्री थ्रो, त्यातले २८ आत. सगळं लिहून ठेवलेलं आहे. आता त्याच काळात बोस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलनं समोरच्यांचे किती फटके हवेतच अडवले, ते शोधायला जा. अधिकृत आकडा सापडणारच नाही. एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगनं असे अडवलेले फटके, म्हणजे ब्लॉक, मोजायला सुरुवात केली १९७३-७४च्या हंगामात, आणि रसेल निवृत्त झाला १९६९ साली. बचाव म्हटलं की ज्याचं नाव सर्वांत आधी निघतं, त्याचा तो रकानाच कोरा.

कबड्डीत असं होत नाही. पकड झाली की फलकावर गुण लागतो. बास्केटबॉलमध्ये मात्र फलक एकाच बाजूची मजुरी मांडतो.

रसेलची १३ हंगामांत ११ विजेतेपदं झाली. चेंबरलेननं १९६१-६२मध्ये सामन्यामागे ५०.४ गुणांची सरासरी राखली, आणि त्याच हंगामात त्याचा संघ विभागीय अंतिम मालिकेचा सातवा सामना रसेलच्या सेल्टिक्सकडून १०९-१०७ असा हरला. 'बचावच स्पर्धा जिंकून देतो' म्हणणारे हे उदाहरण तोंडावर फेकतात. पण दोन गुणांच्या फरकावर एवढा मोठा सिद्धान्त उभा करणं मला पटत नाही.

त्यापेक्षा डेन्व्हर नगेट्सचा १९८१-८२चा हंगाम बघा. ८२ पैकी ८२ सामन्यांत या संघानं शंभरी गाठली, आणि एकाही सामन्यात समोरच्याला शंभरीच्या आत रोखलं नाही. सरासरी १२६.५ गुण केले, १२६.० दिले. एवढी धावाधाव करून हातात उरला अर्धा गुण! विजय ४६. उलट २००३-०४च्या डेट्रॉइट पिस्टन्सची सरासरी जेमतेम ९०.१, पण दिले फक्त ८४.३. विजय ५४, आणि अंतिम मालिकेत लेकर्सला ४-१ असं लोळवून विजेतेपद. डेन्व्हरनं तर १९९०-९१मध्ये वेगाचा पार कडेलोट केला: ११९.९ केले, १३०.८ दिले, ६२ सामने हरले. वजाबाकीला वरचा आकडा केवढा आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

आणि ही वजाबाकी किती बारीक असते ते बघून डोकं चक्रावतं. हल्ली एका सामन्यात प्रत्येक संघाकडे चेंडूचा ताबा साधारण १०० वेळा येतो. २०२३-२४मध्ये अशा एका ताब्याची सरासरी किंमत होती सुमारे १.१५ गुण. जो संघ १०० ताब्यांमागे ५ गुणांनी सरस, तो ढोबळ हिशेबानं ८२ पैकी ५५च्या आसपास सामने जिंकतो, म्हणजे थेट विजेतेपदाच्या शर्यतीत येतो. पाच गुण म्हणजे अडीच बास्केट. चाळीस ताब्यांत एक बास्केट जास्त टाका किंवा एक कमी पडू द्या, फळ तेच.

मग दोन्ही सारखंच? कागदावर हो. मैदानावर मला पारडं आक्रमणाकडे झुकलेलं दिसतं. अर्धं कोर्ट ४७ फूट लांब, ५० फूट रुंद, म्हणजे २,३५० चौरस फुटांचं. पाच बचावपटूंत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ४७० चौरस फूट येतात. मुंबईत एवढ्यात वन बीएचके बसतो, आणि हा गडी एकटा तो राखतोय, तोही सात फुटी पाहुण्यांपासून. शिवाय चेंडू कोणी फेकायचा हे चेंडूवाले ठरवतात. उत्तम बचावपटूला टाळून दुबळ्या गड्याकडे चाल नेता येते. लांबून नेम साधणाऱ्या स्टेफ करीला टाळून चेंडू दुसऱ्याच्या हाती द्या, असं बचाव करणारा सांगू शकत नाही. रसेलच्या काळी तीन गुणांची रेषाच नव्हती. बहुतेक धोका बास्केटखाली, आणि तिथे तो उभा. १९७९-८०मध्ये ती रेषा आली, तेव्हा एक संघ सामन्यात तिच्याबाहेरून सरासरी २.८ फटके मारायचा. २०२३-२४मध्ये ३५.१!

मोजणीही आता सुधारली म्हणे. २०१३-१४पासून प्रत्येक एनबीए स्टेडियममध्ये छताखाली सहा कॅमेरे बसले. दहा खेळाडू आणि चेंडू, सेकंदाला २५ वेळा टिपायचे. ४८ मिनिटांत ७,९२,००० जागा. हंगामाचे १,२३० सामने धरले तर ९७ कोटींहून जास्त. एवढं करूनही, समोर हात दिसला म्हणून जो फटका कोणी मारलाच नाही, त्याचं श्रेय कोणाला द्यायचं हा वाद मिटत नाही.

१९ जून २०१६. अंतिम मालिकेचा सातवा सामना, गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध क्लीव्हलँड कॅव्हलियर्स. वॉरियर्सनी त्या मोसमात विक्रमी ७३ सामने जिंकलेले, सरासरी ११४.९ गुण, म्हणजे दर २५ सेकंदांना एक. ४ मिनिटं ३९ सेकंद उरली असताना फलक ८९-८९. नेहमीच्या वेगानं वॉरियर्सनी आणखी ११ गुण करायला हवे होते. केले शून्य. १ मिनिट ५० सेकंद उरले असताना वॉरियर्सचा आंद्रे इगुओडाला बास्केटजवळून मोकळा लेअप टाकायला उडाला, तेवढ्यात मागून झेपावलेल्या क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सनं चेंडू बॅकबोर्डवर थडकवला. नोंदवहीत त्या झेपेपुढे लिहिलं गेलं: ब्लॉक, १.

पण तोवर क्लीव्हलँडलाही एक गुण मिळालेला नव्हता. पावणेचार मिनिटं दोन्ही बास्केट कोरडी. मग ५३ सेकंद उरले असताना क्लीव्हलँडच्या कायरी इरव्हिंगनं वॉरियर्सच्या करीच्या पसरलेल्या हातावरून, रेषेबाहेरून चेंडू सोडला. ९२-८९.