कुकरातून जेजुरीपर्यंत

दुधाची पिशवी भंगारवाला घेतो, वेफर्सचं पाकीट घेत नाही. पाकीट फाडून आत पाहिलं की कारण कळतं. बाहेर रंगीत छपाई, आत चांदीसारखा मुलामा, आणि हे थर एकमेकांना असे चिकटलेले, की वेगळे करायला गेलं तर विकून येईल त्याहून जास्त खर्च. असल्या बेवारशी प्लास्टिकचं काय करायचं, या प्रश्नाच्या मागे लागून पुण्याच्या डॉ. मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी पहिला प्रयोग केला तो घरच्या प्रेशर कुकरमध्ये. (वाचकांनी तो करू नये. निघणारी वाफ पेट घेते.) त्यातून ‘रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्युशन्स’ उभी राहिली आणि जेजुरीला यंत्र बसलं. त्याआधी नागपुरात प्रा. अलका झाडगावकर यांनीही प्लास्टिकपासून इंधन काढून दाखवलं होतं.

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. प्लास्टिक म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या, आणि बहुतेक प्लास्टिकचं मूळ खनिज तेलात किंवा वायूत. बंद भांड्यात, हवा अजिबात न शिरू देता ते चारशे अंशांच्या आसपास तापवलं, की साखळ्या तुटतात. हवा नसल्यामुळे जळत मात्र काही नाही. सोबत उत्प्रेरक असला तर कमी उष्णतेत काम भागतं. वाफ नळीतून गार होत तेल बनून ठिबकते. जी गार होऊनही द्रव होत नाही, तो वायू. तो परत भट्टीखालीच जाळतात. भांड्याच्या तळाशी उरते काळी भुकटी.

खरी मेख आहे ती भांड्यात काय टाकायचं यात. पीव्हीसी गेलं तर हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि लोखंड खातं. पाण्याच्या बाटलीचं पीईटी गेलं तर आम्लांची पूड नळ्यांत बसते. नुसतं पॉलिथिन नीट तुटलं नाही तर मेण होतं, आणि गार नळीत मेण थिजलं की काम ठप्प. ढोबळ पारख मात्र बादलीत होते. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात, पीव्हीसी आणि पीईटी बुडतात. माझ्या मते या यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग भट्टी नव्हेच, तो निवडणारा हात. कचरा वेचून पोट भरणाऱ्या बायकांना ही पारख बोटांनाच असते. नुसतं चुरगाळून त्या सांगतात कुठलं कशात जाईल.

तेलाबद्दलही थोडं बेतानं बोलायला हवं. ते थेट गाडीत ओतायचं पेट्रोल नव्हे. वास उग्र, ठेवलं की काळवंडतं. बॉयलर, भट्टी, जेजुरीच्या आसपास स्टोव्ह, अशा ठिकाणी ते चालतं. गाडीच्या लायकीचं डिझेल हवं तर पुढे बरंच शुद्धीकरण करावं लागतं. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेनं २७ ऑगस्ट २०१९ रोजी असा प्रकल्प सुरू केला. त्याची क्षमता रोज १ टन प्लास्टिकची, त्यातून सुमारे ८०० लिटर डिझेल.

गंमत म्हणजे कायदा याला पुनर्चक्रण म्हणतच नाही. २०२२च्या केंद्राच्या नियमांत प्लास्टिकपासून तेल काढणं हे सिमेंटच्या भट्टीत जाळणं आणि रस्त्याच्या डांबरात घालणं यांच्याच पंक्तीला बसवलंय, ‘अखेरची विल्हेवाट’ म्हणून. मला ते रास्तच वाटतं. तेल एकदा जळलं की त्यातून पुन्हा पिशवी होत नाही. पण उकिरड्यावर पेटवलेल्या पाकिटाचा धूर ज्यानं छातीत घेतलाय, त्याला हे यंत्र बरंच वाटेल.

घरी एवढंच करायचं, की पाकीट धुऊन, वाळवून वेगळं ठेवायचं. ओलं गेलं तर भट्टीची उष्णता पाणी उकळण्यातच खर्च होते. म्हणून आमच्या गॅलरीत दोरीवर चिमटे लावून वेफर्सची पाकिटं लटकतात. पावसाळ्यात मात्र पहिला मान शाळेच्या गणवेशाचा.